फुईचे मांडे खुल्या परवान्यावर देताना

खापरावरचे मांडे म्हटलं की खान्देशातल्या माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र कितीही सांगितलं तरी ते डोळ्यांसमोर येत नाही. पुरण भरलेला उंडा आधी तळहातांवर, मग मनगटांवर झेलत झेलत वाढत जातो, इतका पातळ होतो की खालचे हात दिसावेत, आणि शेवटी चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद पडतो. हे बघावंच लागतं. इंटरनेटवर मांड्यांचे व्हिडिओ खूप आहेत, पण ते बघण्यापुरते. शाळेतल्या बाईंनी वर्गात लावावा, मराठी विकिपीडियाच्या लेखात घालावा, कुणी माहितीपट करत असेल तर त्यातला तुकडा उचलावा, आणि यातल्या कुणालाच परवानगी मागत फिरावं लागू नये, असा एकही माझ्या हाती लागला नाही.

म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर तालुक्यात माहेरी गेले तेव्हा फुईचे मांडे चित्रित केले. फुई म्हणजे आत्या. तिला विचारलं तर तिने एकच अट घातली. "तुले जे करनं व्हई ते कर. पन मना हात दखाड, तोंड नको दखाडू." मला हवे होते तेही तिचे हातच.

व्हिडिओ विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रं-व्हिडिओ पुरवणाऱ्या खुल्या भांडारात द्यायचा आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए ४.० परवान्यावर द्यायचा, हे आधीपासून ठरलेलं होतं. या परवान्यात कुणीही काम वापरू शकतो, कापू-जोडू शकतो, त्यातून पैसेही कमवू शकतो. मूळ कर्त्याचं नाव द्यायचं आणि बदललेलं काम त्याच अटींवर पुढे द्यायचं, एवढंच बंधन. पैसे कमवायची मुभा काढून टाकणारे परवानेही आहेत, पण ते कॉमन्सवर चालत नाहीत, आणि मलाही तशी बंदी नको होती. मांडे करून विकणाऱ्या बचत गटाच्या बायकांनी उद्या हा व्हिडिओ आपल्या स्टॉलवर लावला तर मला आनंदच आहे.

फोनमधून निघालेली फाइल एमपी४ होती आणि कॉमन्स एमपी४ घेत नाही. ही तांत्रिक अडचण नाही, विचार करून घेतलेली भूमिका आहे. २०१४ च्या सुरुवातीला कॉमन्स चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने संपादकांपुढे प्रस्ताव ठेवला होता की एमपी४ स्वीकारायला लागूया, कारण जवळपास प्रत्येक फोन आणि कॅमेरा तेच बनवतो. चर्चा झाली आणि संपादकांचा कौल विरोधात गेला. कारण होतं पेटंट. ते वाचलं आणि मी थांबले. नुसता फाइलचा प्रकार बदलून पुढे जाता आलं असतं, पण आमच्या घरातल्या चुलीच्या व्हिडिओत पेटंट आलं कुठून, हे कळल्याशिवाय मला तो देववेना.

एमपी४ हे फाइलच्या वेष्टनाचं नाव आहे. आत चित्रं दाबून बसवण्याची पद्धत वेगळी, तिला कोडेक म्हणतात. कच्चा व्हिडिओ प्रचंड असतो: सेकंदाला ३० चित्रं, आणि फुल एचडी असेल तर प्रत्येक चित्रात वीस लाखांवर ठिपके. हे जसंच्या तसं साठवलं तर फोन बघता बघता भरेल. म्हणून कोडेक मागच्या चित्रापेक्षा या चित्रात जे बदललं तेवढंच लिहितो, चौकोनी तुकडा कुठून कुठे सरकला ते नोंदवतो, डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारकावे गाळतो. फुई मांडा फिरवते तेव्हा मागची भिंत जागेवरच असते, ती दर चित्रात नव्याने लिहायची गरज नाही. अशा एकेका युक्तीमागे कुणी ना कुणी वर्षानुवर्षं डोकं चालवलेलं आहे आणि त्यावर पेटंट घेतलेलं आहे.

माझ्या फोनने वापरलेला कोडेक एच.२६४, ज्याला एव्हीसीही म्हणतात. आयटीयू आणि आयएसओ-आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून २००३ मध्ये तो प्रमाण म्हणून मंजूर केला. त्यात अनेक कंपन्यांची पेटंटं गुंतलेली आहेत. प्रत्येकीच्या दारात जाऊन परवाना घेणं उपकरणं बनवणाऱ्यांना जमणारं नव्हतं, म्हणून एमपीईजी एलए नावाच्या अमेरिकी संस्थेने त्यातली बरीचशी पेटंटं एकत्र करून एकच परवाना द्यायला सुरुवात केली. २०२३ मध्ये ती व्हाया लायसन्सिंगने घेतली आणि आता ती व्हाया एलए नावाने चालते. त्यांचे दर लपवलेले नाहीत. उपकरण बनवणाऱ्याला वर्षाच्या पहिल्या एक लाख नगांवर काही द्यावं लागत नाही, त्यापुढे पन्नास लाख नगांपर्यंत नगामागे २० सेंट आणि त्यावर १० सेंट. हे पैसे उपकरण बनवणारा देतो आणि किमतीत धरतो.

इथवर वाचून वाटलं की झालं, माझ्या वाट्याचं देणं फोन घेतानाच फिटलं. मग फोनमधलं कायदेशीर माहितीचं पान उघडलं. घरातल्या जुन्या हँडीकॅमची पुस्तिकाही काढली. मजकूर जवळजवळ सारखाच. सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत. मराठीत त्याचा आशय असा: हे उपकरण एव्हीसी पेटंट समूहाच्या परवान्याखाली ग्राहकाच्या वैयक्तिक वापरासाठी, किंवा ज्यातून त्याला मोबदला मिळत नाही अशा वापरासाठी आहे, त्याने त्यावर एव्हीसी व्हिडिओ बनवावेत, आणि वैयक्तिक कामासाठी ग्राहकाने बनवलेले किंवा परवानाधारक पुरवठादाराकडून आलेले व्हिडिओ उघडावेत, अन्य कुठल्याही वापरासाठी परवाना दिलेला नाही आणि तो दिलाय असं गृहीत धरता येणार नाही.

माझा प्रश्न नेमका इथे उभा राहिला. मी स्वतः एक पैसा घेत नाही. पण मी जो परवाना देणार तो पुढच्या माणसाला पैसे कमवायला मोकळीक देतो. समजा फुईने खापर शेजारणीकडून 'घरच्या जेवणापुरतं' म्हणून मागून आणलं, तर मांडा फुईचा आहे यात वाद नाही. पण त्याच खापरावरचा मांडा बाजारात विकायला मी कुणाला परवानगी देऊ शकते का?

धुळ्याला आमच्या ओळखीचे एक वकील आहेत. ते जमिनीचे आणि वाटणीचे दावे बघतात. पेटंट हे आपलं काम नव्हे असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि पुण्यात त्याच विषयात काम करणाऱ्या एका मॅडमचा नंबर दिला. मॅडमनी वेळ काढून नीट ऐकून घेतलं. त्यांनी पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या केल्या. चित्रफितीवरचा कॉपीराइट हा एक हक्क. चित्र दाबण्याच्या पद्धतीवरचं पेटंट हा पूर्ण वेगळा, दुसऱ्याचा हक्क. फोनच्या पुस्तिकेतल्या ओळींमुळे माझ्या व्हिडिओचा कॉपीराइट कुणा कंपनीकडे जात नाही आणि तो खुला करायची माझी मुभाही जात नाही. माझं जे आहे ते मी कुणालाही देऊ शकते.

मग त्यांनी मला परवान्याचा पूर्ण मजकूर वाचायला लावला. आपण सगळे ती एका पानाची सोपी माहिती वाचून पुढे जातो, खरा दस्तऐवज तिच्या मागे असतो. सीसी बाय-एसए ४.० च्या दुसऱ्या कलमातच स्पष्ट लिहिलंय की पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क या परवान्याने दिले जात नाहीत. सीसी झीरो या सगळे हक्क सोडून देणाऱ्या दस्तऐवजातही तसंच आहे. म्हणजे मी कॉपीराइट खुला करताना पेटंटचं खोटं आश्वासन देत नाही. हा एक दिलासा. पण याचीच दुसरी बाजू अशी की घेणाऱ्याला त्या बाबतीत माझ्याकडून काहीच मिळत नाही. त्याने एमपी४ घेतली तर ती उघडायची, पुन्हा बनवायची, विकायची तर पेटंटचा हिशेब त्याचा त्याने बघायचा.

भारतीय कायद्याचंही मी विचारलं, कारण आपल्याकडे सॉफ्टवेअरला पेटंट नाही असं सगळीकडे ऐकायला मिळतं. पेटंट अधिनियम १९७० च्या कलम ३(के) मध्ये गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना शोध मानलेलं नाही, हे खरं. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका, असं मॅडम म्हणाल्या. कायद्याने बाहेर ठेवलाय तो निव्वळ प्रोग्राम. यंत्राशी बांधलेल्या तंत्राला आपल्याकडेही पेटंट मिळतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीव्हीडी प्लेअरमधल्या तंत्राच्या पेटंटवरून फिलिप्सच्या बाजूने निकाल दिला, तो आपल्याकडच्या प्रमाणाशी जोडलेल्या पेटंटवरच्या पहिल्या निकालांपैकी. हेही खरं की ते दावे प्लेअर जुळवणाऱ्यांवर होते, घरात बसून डीव्हीडी बघणाऱ्यांवर नव्हते. आणि पेटंट कायमचं नसतं, अर्ज केल्यापासून २० वर्षांत संपतं. एच.२६४ चा गाभा २००३ चा, त्यामुळे त्यावरची बरीच पेटंटं एव्हाना संपलीत. नंतर जोडलेल्या भागांवरची काही अजून जिवंत आहेत.

व्यवहारात धोका किती, हेही त्यांनी स्पष्ट केलं. एमपीईजी एलएने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केलं होतं की बघणाऱ्याकडून पैसे न घेता इंटरनेटवर दाखवलेल्या एव्हीसी व्हिडिओवर परवान्याच्या पूर्ण मुदतीत शुल्क लागणार नाही. पैसे घेऊन एकेक व्हिडिओ विकणाऱ्यांनाही १२ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओवर काही द्यावं लागत नाही. त्याहून मोठा असेल तर किमतीच्या २ टक्के किंवा २ सेंट यातलं जे कमी ते. माझा व्हिडिओ तर १२ मिनिटांच्या आतलाच. तेव्हा कुणी नोटीस पाठवेल ही भीती बाळगायचं कारण नव्हतं. मला ती भीती नव्हतीही. जे मी 'घ्या, वापरा' म्हणून लोकांपुढे ठेवतेय त्यात दुसऱ्याची अट गुंतलेली नसावी, इतकीच माझी इच्छा होती. शाळेतल्या बाईंना पुस्तिकेतल्या त्या ओळी वाचायची वेळ येऊ नये.

त्यासाठी मार्ग होता, आणि तो बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ऑन२ नावाच्या कंपनीने २००१ मध्ये आपला व्हीपी३ कोडेक पेटंटच्या हक्कांसकट सर्वांसाठी मोकळा केला. त्याच्यावरून झिफ फाउंडेशनच्या लोकांनी थिओरा बनवला. पुढे २०१० मध्ये गुगलने ऑन२ विकत घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्हीपी८ कोडेक आणि वेबएम हे वेष्टन खुलं केलं. सोबत पेटंटचा कायमस्वरूपी, जगभर लागू, बिनपैशाचा परवानाही दिला. जो या कोडेकवर पेटंटचा दावा ठोकेल त्याचाच तो परवाना जातो, असं त्यात कलम आहे. त्यावरही आक्षेप आलेच, शेवटी २०१३ मध्ये गुगलने एमपीईजी एलए आणि ११ पेटंटधारकांशी व्हीपी८ बाबत करार केला. त्याच वर्षी व्हीपी९ आला. २०१८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून केलेला एव्ही१ आला. आवाजासाठी ओपस आहे, २०१२ पासूनचं खुलं प्रमाण.

हे सगळं पूर्ण निर्वेध आहे असंही नाही. पेटंटचे परवाने देणाऱ्या युरोपातल्या सिस्वेल कंपनीने २०१९ मध्ये व्हीपी९ आणि एव्ही१ वरही काही कंपन्यांची पेटंटं असल्याचं सांगून त्यांच्या वतीने दर जाहीर केले. पण ते उपकरणं बनवणाऱ्यांसाठी आहेत, व्हिडिओ देणाऱ्या-घेणाऱ्यासाठी नाहीत. माझ्या प्रश्नापुरतं हे पुरेसं होतं. मी फाइल व्हीपी९ आणि ओपसमध्ये, वेबएम म्हणून द्यायचं ठरवलं. हॉटेलवाला असो की बचत गट, तो जी फाइल उघडेल तिच्यात एव्हीसी उरणारच नाही, मग 'वैयक्तिक वापरापुरतं' ही अट त्याला लागायचा प्रश्नच नाही. माझा एव्हीसी वापर घरात, बिनमोबदल्याचा, पुस्तिकेतल्या शब्दांत बसणारा.

कुणी चोखंदळ वाचक विचारेल की मूळ फाइल उघडायला जे सॉफ्टवेअर वापरलं त्याचं काय. मी एफएफएमपेग वापरलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याचा कोड खुला आहे, पण त्यामुळे त्याला पेटंटचा परवाना मिळत नाही. ती बाब वापरणाऱ्यावर राहते. हे मी मॅडमना विचारलंच. स्वतःच काढलेला व्हिडिओ स्वतःच्या घरी, पैसे न घेता उघडणं याबद्दल त्यांना काळजी वाटली नाही. ज्यांना याहून चोख हवं त्यांच्यासाठी सिस्कोचं ओपनएच२६४ आहे. सिस्को स्वतः बनवलेली त्याची प्रत वाटते आणि तिचं शुल्क स्वतः भरते, फायरफॉक्समध्ये तीच प्रत येते. कॉमन्ससाठी व्हिडिओ२कॉमन्स नावाचं साधनही आहे, त्याला फाइल दिली की वेबएम करून तेच चढवतं. मला मात्र रूपांतर माझ्या डोळ्यांदेखत करायचं होतं, आणि तसं केलं ते बरंच झालं.

कारण मांडा. खापरावरून वर येणारा धूर आणि हातावरचा तो पारदर्शक मांडा, दोन्ही कोडेकला कठीण जातात. त्यांना ठाम कड नसते, आणि दर चित्रात सगळंच थोडं थोडं बदलतं. फाइल लहान ठेवायला गेले की धुराचे चौकोन पडायचे. मांडा मनगटावर ताणला जातो तेव्हा त्यातून फुईच्या बांगड्या दिसतात, तिथे नुसता पिवळसर डाग उरायचा. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तेच पुसलं जात होतं. गुणवत्तेचा आकडा बदलत, तोच दहा सेकंदांचा तुकडा वेगवेगळ्या आकड्यांवर काढून शेजारी शेजारी लावून बघितला. व्हीपी९ मध्ये हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. फुल एचडीसाठी ३१ च्या आसपास ठेवायची शिफारस असते, मी त्याच्या बरीच खाली आले तेव्हा बांगड्या दिसल्या. दोन फेऱ्यांत रूपांतर केलं की निकाल अजून सुधारतो, पण माझा लॅपटॉप जुना, रात्री लावून झोपावं लागायचं. त्यात लाइट गेली की पहिल्यापासून. खेड्यात हे काम करणाऱ्याने यूपीएसची सोय आधी बघावी.

काही शॉट भाच्याच्या आयफोनवरचे होते, वरून घेतलेले, खापरावर मांडा पडतानाचे. त्याची फाइल बघितली तर ती एव्हीसीही नव्हती, एचईव्हीसी होती. आयफोन २०१७ पासून मूळ सेटिंगमध्ये तेच बनवतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही 'हाय एफिशियन्सी' नावाने तो पर्याय असतो. हा २०१३ चा कोडेक, चित्र तेवढंच पण फाइल बरीच लहान. पेटंटच्या बाजूने मात्र एव्हीसीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा, कारण याची पेटंटं एका जागी आलीच नाहीत. एमपीईजी एलएचा एक समूह झाला, एचईव्हीसी अॅडव्हान्सचा दुसरा, वेलोस मीडियाचा तिसरा, आणि काही कंपन्या कुठल्याच समूहात आल्या नाहीत. घरगुती व्हिडिओ खुले करायचे असतील त्यांनी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये जाऊन हे एकदा बघावं. आयफोनवर 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की तो एव्हीसीवर येतो. भाच्याला सांगितलं, त्याने लगेच बदललं.

कोडेकचं मिटल्यावर खरा नाजूक भाग राहिला होता, तो म्हणजे आवाज. आखाजी म्हटली की झोके आणि झोक्यावरची गाणी. मागच्या अंगणात निंबाला झोका बांधलेला, माहेरवाशिणी गात होत्या आणि तो आवाज चुलीपर्यंत येत होता. त्याच्याशिवाय व्हिडिओ अर्धा वाटला असता. गाणी परंपरेची, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण गाणाऱ्या बायकांचा स्वतःचा हक्क असतो. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये कलाकाराच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडीसुद्धा आहे, आणि शेवटी 'सादरीकरण करणारी कुणीही व्यक्ती' असंही. त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण करायचं तर हक्क त्यांचा, कलम ३८ अ प्रमाणे. हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आणली: चित्रपटात घ्यायला लेखी संमती दिली तरी सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर कलाकार रॉयल्टीचा हक्कदार राहतो.

इथे मी जास्त वेळ घेतला. पेटंटवाल्या मोठ्या कंपन्यांचे हक्क जपायला जगभर वकील आहेत, झोक्यावर गाणाऱ्या माझ्या वहिनी आणि चुलत बहिणींच्या हक्काबद्दल त्यांना सांगणारं कुणी नसतं. मी एक साधा कागद केला, मराठीत, आणि तोंडी अहिराणीत समजावलं. हा आवाज जगात कुणीही वापरू शकेल, त्यातून पैसेही कमवू शकेल, तुम्हाला विचारणार नाही, आणि एकदा दिला की परत घेता येणार नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण हे परवाने रद्द होत नाहीत. बहुतेकींनी सही केली. एकीने नको म्हटलं, सासरी आवडणार नाही म्हणाली. तिचा आवाज ज्या कडव्यात पुढे होता तो भाग काढला. ज्यांनी होकार दिला त्यांना विचारून त्यांची नावं वर्णनात घातली, कारण कलाकार म्हणून नाव असणं हाही कायद्याने त्यांचा हक्क आहे. फुईने मात्र नाव नको म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्यासाठी फक्त गाव आणि तालुका.

मध्येच एका ठिकाणी गल्लीतल्या स्पीकरवरून सिनेमाचं गाणं आलं होतं. ते माझं नाही, खुलं करायचा प्रश्नच नाही. तेवढ्या जागेचा आवाज बंद केला.

व्हिडिओ चढला. आमच्यातला एक भाऊ पारोळ्याला लग्नाच्या शूटिंगची कामं करतो, त्याने सगळं ऐकून सरळ विचारलं, "ताई, मी तर पैसे घेतो. मग माझं काय?" त्याचा प्रश्न माझ्यापेक्षा अवघड आहे. त्याच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतही तोच मजकूर निघाला, आणि त्याच्या कामात मोबदला आहे. त्याला मी मॅडमशीच बोलायला सांगितलं. एवढं मात्र मी त्याला दाखवलं की ज्या समूहाच्या परवान्यातून या ओळी आल्यात त्याच्या दरपत्रकात वसुलीचे टप्पे कुठे सुरू होतात, म्हणजे पहिले एक लाख नग, वर्गणी घेऊन व्हिडिओ दाखवणाऱ्यांचे एक लाखापर्यंतचे वर्गणीदार, १२ मिनिटांच्या आतले व्हिडिओ, हे सगळं शुल्कमुक्त आहे, आणि एकट्याने लग्न शूट करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते आखलेलं दिसत नाही. तरी अशा मजकुराखाली काम करताना त्याला तो माहीत असायला हवा. महागड्या व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांतही या ओळी असू शकतात, म्हणून नवा कॅमेरा घेताना पुस्तिका आधी बघ, असं त्याला सांगितलंय.

त्याच्याकडूनच पुढचं काम निघालं. आमच्या घरात कानबाईच्या उत्सवाची एक जुनी डीव्हीडी आहे, वडिलांनी पैसे देऊन एका शूटिंगवाल्याकडून करून घेतलेली. श्रावणातली कानबाईची स्थापना, रात्रभराचं जागरण, दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, सगळं त्यात आहे, आणि त्यातली काही रीत आता आमच्या गल्लीत कुणी करत नाही. डीव्हीडीतला व्हिडिओ एमपीईजी-२ असतो. त्याच्या परवाना समूहातलं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं, तेव्हा कोडेकची काळजी जवळपास नाहीच. कॉपीराइटचं काय, हे बघायला कलम १७(ब) वाचलं: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रफीत केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ती करवून घेणारा. म्हणजे वडील. शूटिंगवाल्यालाही विचारलं, त्याला काही हरकत नाही, त्याचं नाव घालावं एवढंच म्हणाला. अडचण आहे ती त्याने मिरवणुकीवर चढवलेल्या सिनेमाच्या गाण्यांची. खालचा मूळ आवाज त्याच्या जुन्या टेपवर अजून असेल असं तो म्हणतो. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन ती टेप चालते का बघायचंय, आणि तोवर मिरवणुकीत गाणाऱ्या बायकांची यादी आई करून ठेवणार आहे.